उपग्रह, तिवरे आणि आपली खाडी

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळांची घरे खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिवर हे झाड आपल्याला नवे नाही. चुलीचे लाकूड, होडी बांधायचा खुंट आणि चिंबोरी शोधायची जागा एवढी त्याची ओळख आपल्याला लहानपणापासून असते. सरकारी कागदांत त्यालाच कांदळवन म्हणतात आणि पाठ्यपुस्तकांत खारफुटी. नावे तीन असली, तरी चिखल एकच. याच चिखलातल्या झाडाकडे आज सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून उपग्रह पाहत असतात. त्यांनी पाठविलेल्या चित्रांवरून नकाशे तयार होतात. कोठे बांधकाम करता येईल, कोठे नाही, कोणती जमीन वन म्हणून नोंदली जाईल, हे ठरविताना त्या नकाशांचा आधार घेतला जातो. म्हणून हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. तो तुमच्या-माझ्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

प्रथम झाडाविषयी थोडे सांगतो. आपल्या किनाऱ्यावर तिवर, कांदळ, चिप्पी, झुंबर, काजळा, मारांडी अशा अनेक जाती आढळतात. त्यांपैकी पांढरी चिप्पी हिला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. तिवराची श्वासमुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात, कारण त्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे होऊन खाली पडते. या झाडांच्या मुळांत कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात, लाटांचा जोर मोडतो, गाळ धरला जातो. हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांना शाळेत न जाता ठाऊक होते.

आता उपग्रह काय पाहतो ते पाहू. हिरवे पान आपल्याला हिरवे दिसते, कारण ते तांबडा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा काही अंशी परत पाठविते. पण आपल्या डोळ्यांना न दिसणारा आणखी एक प्रकाश असतो. त्याला समीप अवरक्त प्रकाश म्हणतात. निरोगी पान हा प्रकाश फार मोठ्या प्रमाणावर परत पाठविते. समजा, एखाद्या पानाने तांबड्या प्रकाशाचा ५ टक्के आणि अवरक्त प्रकाशाचा ४५ टक्के भाग परत पाठविला. दोहोंची वजाबाकी ४०, बेरीज ५०. चाळीसला पन्नासने भागले की ०.८ मिळतात. यालाच वनस्पती निर्देशांक म्हणतात. आकडा एकाच्या जवळ गेला की हिरवळ दाट, शून्याच्या जवळ आला की उघडी जमीन, आणि पाण्यावर तो बहुधा शून्याखाली जातो. सातवीच्या मुलाला येणारे हे गणित आहे.

परंतु नुसत्या हिरवळीवरून तिवर ओळखता येत नाही. भातशेतीही हिरवी, आंब्याची बागही हिरवी. येथे तीन युक्त्या उपयोगी पडतात. पहिली युक्ती ऋतूची. भात श्रावण-भाद्रपदात हिरवे असते, चैत्र-वैशाखात शेत सुकलेले असते. तिवर मात्र बारमाही हिरवे. म्हणून एप्रिलचे चित्र घेतले की शेत आणि तिवर वेगळे होतात. दुसरी युक्ती ओलाव्याची. लघुतरंग अवरक्त नावाचा आणखी एक प्रकाश पाणी शोषून घेते. झाडाखाली ओला चिखल असला की त्या प्रकाशात तो भाग काळसर दिसतो. तिसरी युक्ती उंचीची. आंबा डोंगर-उतारावर, तिवर भरतीच्या रेषेत. या तिन्ही खुणा जुळल्या की तिवराचा नकाशा हाती येतो.

अशा कामासाठी अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडण्यात आला. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्याच्या पहिल्या कॅमेऱ्यात चित्राचा सर्वांत लहान चौकोन, ज्याला पिक्सेल म्हणतात, तो जमिनीवर सुमारे ७२ मीटर लांब-रुंद होता. पुढे रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्यात तो साडेतेवीस मीटरवर आला. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहात, २०१५ पासून, तो १० मीटरचा आहे. एका पिक्सेलच्या आत काय काय आहे ते चित्र वेगळे करून सांगू शकत नाही. त्यातील पाणी, चिखल आणि झाड यांचा मिळून एकच आकडा मिळतो.

हा मुद्दा लहान वाटेल, पण येथेच कायदा येतो. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनुसार कांदळवनाचे क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर त्याभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा सोडावा लागतो. लँडसॅटचा आजचा पिक्सेल ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटरचा. कायद्याने ज्याला मर्यादा म्हटले, ते त्या चित्रात जेमतेम एक टिंब होते! तेच सेंटिनेलच्या चित्रात दहा चौकोन होतात. मुंबई उच्च न्यायालयाने तर ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशात जमिनीचा मालक कोण आणि क्षेत्र किती हे न पाहता कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरांतील बांधकामे थांबविण्यास सांगितले आणि कांदळवनांचे उपग्रहाच्या साहाय्याने नकाशे करविले. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. त्याआधी २०१२ साली राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला होता. तेव्हा नकाशात चार ठिपके इकडे की तिकडे, याला आता किंमत आली आहे.

आकडेवारी वाचतानाही हेच भान ठेवावे लागते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या १९८७ च्या अहवालात महाराष्ट्राचे कांदळवन १४० चौरस किलोमीटर होते. २०१५ च्या अहवालात ते २२२, २०१७ मध्ये ३०४ आणि २०२१ मध्ये ३२४ झाले. दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटर वाढ! ही बातमी वाचून आनंद होतो आणि तो अनाठायी नाही. संरक्षण मिळाले, नवी झाडे उगवली. परंतु विद्यार्थ्याने असाही प्रश्न विचारला पाहिजे की यातील किती झाडे नवी उगवली आणि किती आधी होतीच पण आता दिसू लागली? संपूर्ण देशाचे उदाहरण घ्या. २०२१ च्या अहवालात ४,९९२ चौरस किलोमीटर, २०२३ च्या अहवालात ४,९९१.६८, आणि त्याच अहवालात घट ७.४३ चौरस किलोमीटर. वजाबाकी करून पाहा, जुळत नाही. यात लबाडी नाही. तुलना करताना मागील आकडा सुधारून घेतलेला असतो. परंतु ज्याने वजाबाकी करून पाहिली नाही, त्याला हे कधीच कळणार नाही.

आता उपग्रहाच्या अडचणी सांगतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ढग असतात आणि साध्या कॅमेऱ्याला ढगांतून दिसत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह असतात. ते स्वतः लहरी पाठवितात व परत आलेल्या लहरी मोजतात. भारत आणि अमेरिका यांचा निसार हा असा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याच्या एका रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांब आहे. ती पानांच्या छतातून आत जाऊन फांद्या-खोडांची माहिती आणू शकते.

दुसरी अडचण भरतीची. हे कॅमेऱ्यांचे उपग्रह आपल्यावरून साधारणपणे सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातात. त्या वेळी भरती असेल तर लहान रोपे पाण्याखाली जातात आणि चित्रात येत नाहीत. मग चित्र कोणत्या दिवसाचे निवडावे? याचे उत्तर आपल्या मच्छीमार बांधवांकडे आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमेची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे साडेदहाला पाणी जवळजवळ भरलेले. अर्ध्या चंद्राच्या दिवसांत भांग असतो, पाणी फार खाली जात नाही, हे खरे. तरीही सकाळच्या चित्रासाठी तोच दिवस बरा. पंचांग असो की चांदाची तारीख, खाडीचा हिशेब चंद्रावरच चालतो. ज्या म्हाताऱ्या मच्छीमाराला आपण अडाणी समजतो, त्याच्या तोंडी असलेले गणित उपग्रहाचे चित्र निवडताना उपयोगी पडते, हे आपल्या मुलांना कळले पाहिजे.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. कोकणात खाडीला बांध घालून खारे पाणी अडवायचे, उघाडीतून पावसाचे पाणी सोडायचे आणि आत भात पिकवायचे, ही फार जुनी रीत आहे. खारजमिनींच्या विकासासाठी १९७९ साली राज्याने स्वतंत्र कायदाही केला. हे बांध गावाने मिळून राखायचे असतात. पण घरातील कर्ते पुरुष मुंबईला आणि आखातात नोकरीला गेले, माणसे कमी पडली, दुरुस्ती राहून गेली. उधाणात बांधाला खांड पडली, खारे पाणी शेतात शिरले. भरतीबरोबर तिवराचे बी आले आणि रुजले. काही वर्षांत शेताच्या जागी हिरवेगार तिवर उभे राहिले.

उपग्रहाला तेथे काय दिसते? वाढलेले कांदळवन. अहवालात त्याची गणना वाढीत होते. पण ज्या कुटुंबाचे ते शेत होते, त्याला तेथे गेलेले भात दिसते. त्या तिवराला हात लावता येत नाही, आणि सातबाऱ्यावर तर अजून भातशेती लिहिलेली असते. वाचक मित्रहो, येथे कोणाची बाजू खरी? माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. झाड खरे आहे, शेतही खरे होते. उपग्रह आज काय आहे ते सांगतो. ते कशामुळे झाले, हे गावालाच सांगावे लागते.

मात्र त्याच उपग्रहाकडे जुनी चित्रेही आहेत, आणि तेथे तो गरिबाच्या उपयोगी पडू शकतो. लँडसॅटची चित्रे २००८ पासून सर्वांना विनामूल्य मिळतात. एखाद्या खाजणात १९९० च्या पावसाळ्यानंतर भात उभे होते काय, पाणी कोणत्या वर्षी आत शिरले, झाडे केव्हा वाढली, हे वर्षावर्षाची चित्रे लावून बऱ्याच अंशी दाखविता येते. शेतकऱ्याच्या तोंडच्या हकिकतीला त्यामुळे तारीख मिळते. उलट, कोणी मुद्दाम भराव टाकून किंवा भरतीचे पाणी अडवून जिवंत तिवरे सुकविली असतील, तर तेही त्याच चित्रांत दिसते. साक्ष दोन्ही बाजूंनी होते. म्हणूनच ती साक्ष वाचता येणारी माणसे दोन्ही बाजूंना हवीत.

आता कार्बनविषयी. झाड हवेतील कार्बन वायू घेऊन लाकूड बनविते, हे सर्वांना ठाऊक आहे. तिवराचे वैशिष्ट्य त्याच्या पायाखाली आहे. त्या चिखलात हवा नसल्यामुळे पडलेली पाने आणि मेलेली मुळे लवकर कुजत नाहीत. त्यांतील कार्बन शतकानुशतके गाळात साठून राहतो. समुद्र आणि किनाऱ्याजवळच्या वनस्पतींनी साठविलेल्या अशा कार्बनाला निळा कार्बन म्हणतात. हा शब्द २००९ पासून रूढ झाला. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातील २५ कांदळवनांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला, आणि त्यातील ४९ ते ९८ टक्के भाग झाडांत नव्हे तर मातीत होता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. उपग्रह पाने पाहतो, रडार खोड पाहते, लेसर किरणांनी झाडाची उंचीही मोजता येते. पण मीटर-दोन मीटर खोल चिखलात काय आहे ते आकाशातून मोजता येत नाही. त्यासाठी माणसाला चिखलात उतरून, नळी खोल दाबून, मातीचा नमुना काढावा लागतो. तो वाळवून, वजन करून, त्यातील कार्बन प्रयोगशाळेत मोजावा लागतो. झाडांचेही तसेच. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर, मोजतात. कांदळाला मात्र आधारमुळे असतात, म्हणून सर्वांत वरच्या मुळाच्याही वर मोजावे लागते. घेरावरून वजन, वजनावरून कार्बन. सुक्या लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. कार्बनाचे टन ३.६७ ने गुणले की कार्बन वायूचे टन मिळतात. समजा, एका हेक्टरात १०० टन कार्बन आहे. तो सारा हवेत गेला तर ३६७ टन वायू होईल. जमिनीवर शंभर चौकोन मोजायचे आणि उपग्रहाच्या मदतीने लाखो चौकोनांचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत आहे. जमिनीवरचे शंभर चुकले, तर वरचे लाख चुकणारच.

या हिशेबाला पैशाचे मोलही येऊ लागले आहे. केनिया देशाच्या किनाऱ्यावर गाझी नावाचा उपसागर आहे. तेथील गाझी आणि माकोंगेनी या दोन गावांनी सुमारे ११७ हेक्टर कांदळवन राखून २०१३ पासून त्यातील कार्बनाच्या राखणीचा मोबदला मिळविण्यास सुरुवात केली. योजनेचे नाव मिकोको पमोजा. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ होतो, कांदळवने सर्वांनी मिळून. आलेल्या पैशांतून गावाने पाण्याची सोय केली आणि शाळेला मदत केली. आपल्या देशातही ५ जून २०२३ रोजी मिष्टी नावाची कांदळवन लागवडीची योजना सुरू झाली. उद्या आपल्याही खाडीत कार्बन मोजायला लोक येतील. ते आले म्हणजे आपण काठावर उभे राहून पाहायचे, की त्यांच्या वहीतील आकडे तपासायचे, हे आज ठरवायचे आहे. ज्या खाजणात कोणाचे शेत बुडाले, तेथील कार्बनाचा मोबदला कोणाला मिळावा, हा प्रश्नही उपग्रह सोडविणार नाही.

म्हणून संस्थेपुढे आणि वाचकांपुढे एक साधी सूचना ठेवतो. खाडीकाठच्या प्रत्येक शाळेने एक खाडीची नोंदवही ठेवावी. आठवी-नववीच्या मुलामुलींनी, शिक्षक आणि एखाद्या जाणत्या मच्छीमाराबरोबर, ओहोटीच्या वेळी जाऊन दहा मीटर बाय दहा मीटरचा एक चौकोन दोरीने आखावा. सेंटिनेलच्या पिक्सेलएवढाच तो होतो. फोनवर दिसणारे ठिकाण काही मीटर इकडे-तिकडे होते, तेव्हा चौकोन एकसारख्या दाट पट्ट्याच्या मधोमध घ्यावा. आतील झाडे मोजावीत, जात लिहावी, घेर लिहावा, तारीख आणि भरतीची वेळ लिहावी. एकही फांदी तोडू नये. दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजावे. शाळेच्या संगणकावर इस्रोचे भुवन हे नकाशांचे दालन २००९ पासून उघडे आहे. त्यावर आपले गाव शोधून कागदावरचे आणि पडद्यावरचे जुळते का ते पाहावे. वहीच्या दुसऱ्या भागात गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांना विचारून लिहावे की बांध कोणी बांधला, खांड कोणत्या वर्षी पडली, निवट्या आणि तिसऱ्या पूर्वी कोठे मिळत. हा भाग लवकर लिहिला पाहिजे, कारण सांगणारी माणसे थकत चालली आहेत.

या कामाला फीत, दोरी, वही आणि एक फोन पुरेसा आहे. यातून भूगोल येतो, गणित येते, विज्ञान येते. आणि किनाऱ्याच्या आराखड्याचा मसुदा जेव्हा जनतेच्या हरकतींसाठी प्रसिद्ध होईल, तेव्हा नकाशावर बोट ठेवून, येथे तिवर आहे, येथे शेत होते, येथे तुमची रेषा चुकली आहे, असे पुराव्यासह सांगणारी दहा मुले तरी गावात असतील. आजवर असे मसुदे आले आणि गेले, आणि ते वाचता न आल्यामुळे पुष्कळ गावे गप्प राहिली.

आपल्या संस्थेने मुलांना अक्षरे वाचायला शिकविली, अर्ज लिहायला शिकविले, आखाताचा करार वाचून मग सही करायला शिकविले. आता त्यांना आपल्या खाडीचे चित्र वाचायला शिकवू या. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत निदान एका शाळेच्या नोंदवहीतील पहिले पान छापले जावे, अशी माझी विनंती आहे.